कानाडोळा

वासरं आईपासून तोडून शेडात घेतली,
त्याच्या नवव्या दिवशी बाउसफील्डांचा फोन आला.

कर्कबी स्टीफनच्या वर, जिथे रस्ता डांबर सोडतो
आणि दगडी कुंपणं धुक्यात शिरून परत येत नाहीत,
तिथे ते शेड. थंडी लागू नये म्हणून
फटींवरसुद्धा फळ्या ठोकलेल्या.
आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ,
डोळ्यांत मुताची झणझण.
चौतीस वासरं, तांबूस, कुरळ्या कपाळांची,
आणि एकच खोकला:
कोपऱ्यात सुरू होऊन
तोंडं बदलत दारापर्यंत येणारा.

मी श्वास मराठीत मोजते.
सोळा वर्षं झाली इथे, भांडणंसुद्धा इंग्रजीत होतात;
पण बरगड्यांमागची ती उघडझाप
अजून सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ
अशीच चालते.

थर्मामीटर: एक्केचाळीस पूर्णांक एक.
पुढचं, चाळीस पूर्णांक आठ.
नाकाशी पिवळट शेंबूड, चाटायचंही भान नाही.
पुढच्या पायामागे स्टेथोस्कोप टेकवला,
तर आत कुणीतरी
वाळल्या पाचोळ्यावरून चालत होतं.
मी नाव ठरवून टाकलं.
मॅनहायमिया. नेहमीचाच. नाका-घशात बिऱ्हाड करून राहतो,
जनावर खचलं की खाली उतरतो.

मागे एडगर उभा होता. ऐंशीच्या पुढचा,
शॅपच्या खाणीत सुरुंगाने उजवा कान गेलेला.
म्हणाला, "ते चारशे बारा बघा.
बादली वाजली की डोकं तिरकं करतं.
एका बाजूने ऐकू येत नाही त्याला."

डावा कान लोंबत होता खरा.
"बिल्ला जड झाला असेल," मी म्हणाले,
आणि सिरिंज भरली.

सहा वासरांना पाच दिवस इंजेक्शनं.
दोन सावरल्यासारखी वाटली.
आठव्या दिवशी चारशे बारा गेलं.

फाटकापाशी, ताडपत्रीवर, सुनेने टॉर्च धरलेला.
फुफ्फुसाचा पुढचा भाग काळिजासारखा घट्ट,
कापला तर आत नासलेल्या दुधाचे गोळे.
एक तुकडा बादलीत टाकला.
बुडाला.
मग, का कोण जाणे (जाणते, पण इथे असंच लिहिते),
कवटीला हात घातला.
डाव्या कानामागचं हाड उघडलं.
पू.

एडगर काही बोलला नाही.
कानाडोळा.
आयुष्यभर वापरला हा शब्द,
आणि त्यात कान आहे, डोळा आहे,
हे त्या ताडपत्रीवर गुडघे टेकून बसल्यावर दिसलं.

या वेळी औषध न दिलेली वासरं निवडली,
लांब काडी नाकातून पार घशापर्यंत,
आणि नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेला.
मग वाट. हे जंतू सावकाश वाढतात,
तुमच्या घाईशी त्यांना देणंघेणं नसतं.
दहाव्या दिवशी निरोप आला: भिंगाखाली वसाहती दिसतायत,
बशीत मांडलेल्या इवल्याशा हाफ फ्रायसारख्या.
मायकोप्लाझ्मा.
त्याच्या पेशीला भिंत नसते.
माझं औषध भिंती पाडणारं.
ज्याला भिंतच नाही त्याच्या दारात
मी पाच दिवस घण घालत होते.

सांगायला गेले तेव्हा
एडगरच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.
सगळं सांगितलं, माझं चुकलं तेही.
तो कटावणीने फळ्या काढत होता.
"वारा हवा यांना," एवढंच म्हणाला,
आणि एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला,
धरायला.

औषध बदललं. काही वाचली.
काही वाचली म्हणायची, पण उन्हाळ्यापर्यंत
अंगावर मांस काही धरेनात.

आता कुठल्याही शेडात
स्टेथोस्कोप बाहेर काढायच्या आधी
मी बादली वाजवते.
डोकी वळतात.
एखादं उशिरा.